बारा सेकंदांची घिरटी

घोटा मोडला तो पायरी चुकून, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सहा आठवडे डावा पाय जमिनीला टेकायचा नाही असा हुकूम झाला आणि माझी रवानगी सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत झाली. खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर प्लास्टरमधला पाय. हाताशी फोन आणि चार पुस्तकं. त्यातलं एकही पुरं झालं नाही, कारण समोर घारी होत्या.

घारी काही नव्या नव्हत्या. पण आजवर त्या खालून पाहिल्या होत्या, आणि खालून घार म्हणजे उन्हात डोळे बारीक करून पाहिलेली काळी आकृती. सातव्या मजल्यावर दिवसभर बसून राहिलं की घार डोळ्यांच्या पातळीला येते. कधी त्याहून खाली उतरते आणि मग तिची पाठ दिसते. ही पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. एकसुरी तपकिरी वाटणाऱ्या पंखावर फिकट पट्टा असतो, प्रत्येक पिसाला पुसटशी कड असते. शेपटी तर क्षणभर स्वस्थ नसते. डावीकडे पिळली, उजवीकडे पिळली, पुन्हा सरळ. रेडिओचं बटण फिरवत कुणी स्टेशन शोधावं तशी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुलगी कॉलेजातून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. पाच मिनिटं बघून म्हणाली, "आई, त्या एकीचं पीस पडलंय बघ."

खरंच. डाव्या पंखाच्या टोकाला घारीची पिसं बोटांसारखी फाकलेली असतात, त्यातलं तिसरं बोट गायब होतं. तिथून आभाळ दिसत होतं. मुलीने तिचं लगेच नाव ठेवलं: दातपडकी. त्या दिवसापासून आमच्याकडे 'घारी' राहिल्या नाहीत. दातपडकी आणि बाकीच्या, अशी वाटणी झाली.

मी अंथरुणाला खिळले म्हटल्यावर ओळखीच्यांचे निरोप सुरू झाले, आणि मी घारी बघते हे कळल्यावर त्या विषयाचे. एक चित्र तर चार जणांनी पाठवलं. वर झेपावणारा बहिरी ससाणा, खाली अमेरिकेचं बी-२ बॉम्बर, दोघांची बाजूने दिसणारी आकृती हुबेहूब. दुसऱ्या निरोपात ससाण्याच्या नाकपुडीतला हाडाचा छोटा गड्डा आणि जेट इंजिनाच्या तोंडातला शंकू शेजारी शेजारी. मथळा अर्थातच निसर्गाच्या महानतेविषयी. पहिल्यांदा मीही तोंडात बोट घातलं. पण माझ्याकडे वेळ भरपूर होता, आणि रिकामा वेळ माणसाला खवचट करतो.

बी-२ बाजूने ससाण्यासारखं दिसतं हे खरं. पण ते तसं आहे ते रडारपासून लपायचं म्हणून, आणि त्याआधी चाळीस वर्षं ते बनवणाऱ्या कंपनीला शेपटीशिवाय नुसता पंख उडवायचं वेड होतं म्हणून. १९४७ साली उडालेल्या वायबी-४९ या विमानाचा पंखविस्तार ५२.४ मीटर होता. १९८९ साली उडालेल्या बी-२चाही तेवढाच आहे. या वंशावळीत ससाणा कुठेच बसत नाही.

नाकपुडीची गोष्ट त्याहून मजेशीर. सूर मारणाऱ्या बहिरी ससाण्याचा मोजलेला उच्चांक ताशी ३८९ किलोमीटर आहे. प्राण्यांच्या जगात एवढा वेग दुसऱ्या कुणाचा नाही. तरी आवाजाच्या वेगाशी लावून पाहिला तर तो जेमतेम एक तृतीयांश भरतो. जेट इंजिनाच्या तोंडातला जो मोठा टोकदार शंकू त्या चित्रात होता, तो आवाजाहून वेगाने जाणाऱ्या विमानांसाठी असतो. त्या वेगाला विमानासमोर हवा एकदम दाबली जाऊन धक्कालहरी तयार होतात, आणि त्या नेमक्या जागी अडवून आत येणारी हवा हळू करायची हे शंकूचं काम. एसआर-७१ या हेरगिरीच्या विमानात तर तो वेग वाढेल तसा मागे सरकायचा, तब्बल ६६ सेंटिमीटर. ससाण्यापुढे धक्कालहरी नसतातच. तेव्हा त्याच्या नाकातल्या गड्ड्याचं काम काहीही असो, हे ते काम नव्हे.

पक्ष्याने माणसाला शिकवलं ही गोष्ट ऐकायला इतकी गोड आहे की दोन हजार वर्षांपूर्वीही कुणाला तिचा मोह आवरला नव्हता. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवलंय की जहाज सुकाणूने वळवायची कला माणसाला घारीने शिकवली असावी, तिच्या शेपटीच्या हालचालीवरून. म्हणजे मला रेडिओचं बटण दिसलं तिथे त्याला सुकाणू दिसलं. सुकाणूचं खरंच काय झालं असेल ते उघड आहे. कुणीतरी होडीच्या मागच्या बाजूला वल्हं पाण्यात तिरकं धरलं आणि होडी वळली. घार नंतर आठवली.

लिओनार्दो दा विंचीची घार तर पाळण्यातच आली. आपली सर्वांत जुनी आठवण म्हणून त्याने लिहिलंय की तान्हा असताना एक घार पाळण्यावर उतरली आणि तिने शेपटीने त्याचं तोंड उघडलं. १५०५च्या सुमारास त्याने पक्ष्यांच्या उड्डाणावर एक आख्खी वही भरली, त्यातही घारी आहेत. पुढे १९१० साली फ्रॉइडने या पाळण्यातल्या आठवणीवर मानसशास्त्राचा भलामोठा डोलारा उभा केला, पण त्याच्या हाती आलेल्या भाषांतरात घारीचं गिधाड झालं होतं. त्याने मग इजिप्तच्या गिधाडमुखी देवीपर्यंत धागे जोडले. पक्षीच चुकला होता! आपल्या मनात काय आहे तेच आपल्याला पक्ष्यात दिसतं, याचा याहून खणखणीत पुरावा मला तरी माहीत नाही.

विमानाच्या बाबतीत ही भानगड राइट बंधूंपाशी येऊन ठेपते, आणि तिथे दोन भावांची दोन मतं आहेत.

मे १९००मध्ये थोरला विल्बर आपल्या पत्रमित्राला, ऑक्टेव्ह शानूट या अभियंत्याला, लिहितो की गिधाडांचं उड्डाण पाहून माझं असं मत झालंय: वाऱ्याच्या झटक्याने ती एका अंगाला कलंडली की पंखांची टोकं पिळून तोल सावरतात. त्या काळात विमान उडवू पाहणारे बहुतेकजण ते आपोआप स्थिर राहावं म्हणून झटत होते. ते स्थिर नसलं तरी चालेल, चालवणाऱ्याला सावरता आलं पाहिजे, हा विचार सायकली दुरुस्त करणाऱ्याला सुचला यात मला नवल वाटत नाही. उभी सायकल पडतेच. १८९९च्या जुलैत विल्बर दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. सायकलची ट्यूब ज्यातून आली होती तो लांबट पुठ्ठ्याचा खोका त्याच्या हातात होता, आणि बोलता बोलता हात तो पिळत होते. एक टोक वर, दुसरं खाली. दोन पंखांचं विमानही असंच पिळता येईल! लगेच त्यांनी दीड मीटरचा पतंग बनवून दोऱ्यांनी तो पिळून पाहिला. १९०३च्या डिसेंबरात उडालेलं विमान याच पिळावर उडालं.

मग धडा गिधाडाने दिला की खोक्याने? धाकट्या ऑरव्हिलला कित्येक वर्षांनी याबद्दल विचारलं तेव्हा त्याने पक्ष्यांना फारसं श्रेय दिलं नाही. पक्ष्यांकडून आधी शिकलो असं एकही आठवत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने उपमाही छान दिली: पक्ष्याकडून उडण्याचं गुपित शिकणं म्हणजे जादूगाराकडून जादू शिकणं. युक्ती आधी ठाऊक असेल तरच हात कुठे फिरतोय ते दिसतं.

ही उपमा वाचली आणि मी पुन्हा दातपडकीकडे पाहिलं. तोवर आठवडाभर रोज तिला पाहत होते. पंखांची टोकं ती पिळते हे मला एकदाही दिसलं नव्हतं. आता मात्र दर झुळकीला दिसायला लागलं. एक टोक किंचित खाली दबतं, दुसरं वर उलटतं आणि अंग पुन्हा सपाट. ते आधीही होत असणारच. माझ्या डोळ्यांना तेवढं नाव मिळालं नव्हतं.

एकदा हे ध्यानात आलं की उदाहरणं सापडत जातात. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला, मनगटापाशी, अंगठ्याची दोन-चार आखूड पिसं असतात. उतरताना वेग कमी झाला, पंख फारच चढा धरावा लागला, की हवा वरच्या बाजूवरून सुटून जायला लागते आणि पंखाला वर धरणारी उचल एकदम कोसळते. त्या क्षणी ही पिसं पुढे उभी राहतात, त्यांच्या फटीतून हवेचा झोत पंखाच्या पाठीला चिकटून वाहतो आणि पंख आणखी थोडा वेळ तग धरतो. विमान उतरताना पुढच्या कडेची जी पट्टी बाहेर सरकते ती हेच करते. तिचा शोध लावणाऱ्यांपैकी एक गुस्ताव लाखमान. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक, नेमका अशीच उचल गमावून पडला, आणि इस्पितळात पडल्या पडल्या त्याला फट असलेल्या पंखाची कल्पना सुचली. १९१८ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. इंग्लंडात फ्रेडरिक हँडली पेज यालाही जवळपास त्याच वेळी स्वतंत्रपणे हेच सुचलं. दोघांनाही त्यासाठी पक्षी लागला नाही. (इस्पितळात पडून राहणाऱ्याला एवढं सुचतं हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. माझं संशोधन एका घारीचं नाव ठेवण्यापुरतं, आणि तेही मुलीने ठेवलेलं.)

दुसरं उदाहरण याहून चपखल आहे, आणि थोडं अंगावर येणारंही. हलत्या भक्ष्याला गाठायचं तर ते आत्ता आहे तिथे रोख धरून चालत नाही. तिथे पोहोचेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. खलाशांना एक जुनी खूण ठाऊक असते: दुसरं जहाज जवळ येतंय आणि आपल्याला ते सारखं एकाच दिशेला दिसतंय, तर टक्कर अटळ. हीच खूण उलटी वापरायची. लक्ष्य ज्या दिशेला दिसतं ती नजरेची रेघ फिरू लागली की त्याच प्रमाणात, काही पटीने, आपण वळायचं. रेघ स्थिर झाली की काम झालं. अंतर माहीत नको, लक्ष्याचा वेग माहीत नको. १९५०च्या दशकात आलेलं साइडवाइंडर क्षेपणास्त्र याच नियमाने विमानांमागे जातं. २०१७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बहिरी ससाण्यांच्या पाठीवर छोटे जीपीएस आणि कॅमेरे बसवून त्यांच्या हल्ल्यांचे मार्ग तपासले, तर ससाणाही तोच नियम पाळताना सापडला. फक्त 'किती पटीने' हा आकडा वेगळा. क्षेपणास्त्रांत तो साधारण तीन ते पाच ठेवतात, ससाण्याचा तीनच्या खाली. ससाणा क्षेपणास्त्रापेक्षा हळू, त्याला तेवढंच मानवतं.

इथेही क्रम तोच. गणित आधी, ससाणा साठ वर्षांनी. पण गणित हातात नसतं तर त्या जीपीएसच्या ठिपक्यांत कुणाला काय दिसलं असतं? वाकडीतिकडी रेघ.

या सगळ्यामुळे माझं मत बनत चाललं होतं की पक्षी काही शिकवत बिकवत नाहीत. ते मत एका माणसाने मोडलं.

पॉल मॅकक्रेडी. अमेरिकन, ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवण्यात १९५६चा जगज्जेता. १९७६च्या उन्हाळ्यात तो कुटुंबाला घेऊन गाडीने सुट्टीवर निघाला होता, डोक्यावर कर्ज. एका नातलगाच्या धंद्याला जामीन राहिला, धंदा बुडाला, आणि जवळजवळ एक लाख डॉलर याच्या गळ्यात पडले. गाडी चालवता चालवता तो आकाशातले ससाणे आणि गिधाडं बघायचा, आणि अभियंता असल्यामुळे नुसता बघायचा नाही. एक फेरी पुरी व्हायला किती सेकंद आणि पक्षी वळताना किती अंश कललेला, एवढं टिपून तो त्यांचा वेग काढायचा.

मी हे वाचून थांबले. एवढ्याशा माहितीवर? पक्षी किती उंचावर आहे माहीत नाही, किती लांब आहे माहीत नाही, वजन माहीत नाही.

"निघतं की," मुलगी म्हणाली. ती अकरावीत आहे, वर्तुळाकार गती नुकतीच झालेली. तिने कागद ओढला. कलून वळणाऱ्या पक्ष्याची उचल तिरकी असते. तिचा उभा भाग वजन पेलतो, आडवा भाग वळवतो. दोन्हींत वजन सारखंच येतं, ते कटतं. उरतो कोन आणि वेळ. सेकंदांना ९.८ने गुणायचं, कोनाच्या टॅनने गुणायचं, ६.२८ने भागायचं. वारा असला तरी बिघडत नाही, कारण हवेचा आख्खा गोळाच पक्ष्यासकट सरकत असतो.

"कोन कसा मोजणार पण?"

"आई, व्हिडिओ काढू ना. ती आपल्या समोर येते तेव्हा थांबवायचा."

मग तीन दिवस आमच्या गॅलरीत वेधशाळा चालली. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन चढून गरम हवेचा खांब उठायला लागला की दातपडकी त्यात शिरायची. मी फेऱ्या मोजायची, मुलगी व्हिडिओ काढायची. नंतर फोनच्या पडद्यावर शाळेतलं प्लॅस्टिकचं कोनमापक ठेवून, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रेघ वाचायची. कोनमापक पडद्यावरून घसरायचं. बोटाचा धक्का लागून व्हिडिओ पुढे पळायचा. एकदा अचूक सापडलेला कोन कावळ्याचा निघाला.

दहा फेऱ्यांना दोन मिनिटं लागली. म्हणजे एका फेरीला बारा सेकंद. कोन पंचवीसच्या आसपास. हिशोब केला: सेकंदाला ८.७ मीटर, ताशी एकतीस किलोमीटर. आणि त्यावरून वर्तुळाची त्रिज्या सतरा मीटर. कोनात पाच अंश इकडे तिकडे झाले तर वेग पंचवीसपासून एकोणचाळीसपर्यंत कुठेही जातो, तेव्हा मोठेपणा मिरवण्यात अर्थ नाही. पण प्लास्टरमधल्या बाईने, खुर्चीवरून न उठता, आभाळातल्या पक्ष्याचा वेग मोजला याचा जो आनंद झाला तो मला कुठल्याही पगाराने झालेला नाही.

मग तेच गणित प्रवासी विमानाला लावलं. ताशी २५० किलोमीटर, तोच पंचवीस अंशांचा कल. एक फेरी पुरी व्हायला दीड मिनिटाहून जास्त आणि वर्तुळ दोन किलोमीटरहून रुंद. दातपडकीचं वर्तुळ तेहतीस मीटर रुंद. गरम हवेचे खांब, निदान सकाळचे, अरुंद असतात. त्यात राहायचं तर घट्ट वळावं लागतं, घट्ट वळायचं तर हळू उडावं लागतं, आणि हळू उडायचं तर अंग हलकं आणि पंख ऐसपैस लागतो. घारीच्या पंखाच्या दर चौरस मीटरवर अडीच-तीन किलो भार येतो. पूर्ण भरलेल्या ए-३८० या अवाढव्य प्रवासी विमानाच्या पंखावर साडेसहाशे किलोहून जास्त.

मॅकक्रेडी याच रस्त्याने गेला. हेन्री क्रेमर या उद्योजकाने केवळ माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी १९५९ साली बक्षीस लावलं होतं. एकमेकांपासून अर्ध्या मैलावरच्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा. १९७६पर्यंत कुणालाही जमलं नव्हतं आणि रक्कम वाढून पन्नास हजार पौंड झाली होती. पौंडाचा तेव्हाचा भाव पाहता हे म्हणजे त्याचं जवळजवळ आख्खं कर्ज. पक्ष्यांचे वेग आणि पंख तोलता तोलता त्याच्या डोक्यात आलं: ग्लायडर घ्यायचा, वजन तेवढंच ठेवून तो सगळ्या बाजूंनी तिप्पट करायचा. पंखाचं क्षेत्र नऊपट होईल, वेग तिसऱ्या हिश्श्यावर येईल आणि लागणारी ताकदही तिसऱ्या हिश्श्यावर. तेवढी सायकलपटूच्या पायांत असते.

अॅल्युमिनियमच्या नळ्या, पियानोची तार, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद. पंख एकोणतीस मीटर, आख्ख्या विमानाचं वजन बत्तीस किलो. ते वारंवार मोडायचं, पण मोडलं की लवकर जोडता यायचं. बाकीचे स्पर्धक देखणी विमानं वर्षानुवर्षं घडवत बसले होते, एकदा मोडलं की संपलं. २३ ऑगस्ट १९७७ला कॅलिफोर्नियातल्या शाफ्टर इथे ब्रायन अॅलन या सायकलपटूने पायडल मारत तो आठचा आकडा पुरा केला. वैमानिकासकट त्या पंखावरचा भार दर चौरस मीटरला दीड किलोसुद्धा नव्हता. घारीच्याही निम्मा. विमानाचं नाव गॉसमर काँडॉर. काँडॉर हे दक्षिण अमेरिकेतलं अजस्र गिधाड, पंधरा किलोपर्यंत भरणारं. त्यांच्यावर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात एक काँडॉर पाच तासांहून जास्त वेळ, सुमारे १७२ किलोमीटर, पंख एकदाही न फडफडवता गेला.

गॉसमर काँडॉर दिसायला कुठल्याही पक्ष्यासारखं नव्हतं. उलट बांबूच्या सांगाड्यावर पडदा लावावा तसं काहीतरी. मॅकक्रेडीने पक्ष्याचा आकार घेतलाच नाही. पक्ष्याने त्याला आकडे मोजत बसायला लावलं, आणि त्या नादात भलत्याच प्रश्नाचं उत्तर हाती आलं. हे 'शिकणं' म्हणायचं की नाही? विल्बरला विचारलं तर हो म्हणेल, ऑरव्हिल नाही म्हणेल. मला आता विल्बरकडे थोडं झुकावंसं वाटतं.

दातपडकीच्या गेलेल्या बोटाचा विचार माझ्या मनात सुरुवातीपासून होता. तिला त्रास होत असेल का?

पंखाखालची दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर जाऊ बघते आणि तिथे भोवरा तयार होतो. तो भोवरा पक्ष्याला मागे ओढतो. पंख जितका लांब आणि निमुळता तितकी ही ओढ कमी. अल्बट्रॉस म्हणूनच साडेतीन मीटरपर्यंतचे पंख घेऊन समुद्रावर हिंडतो, त्याला ना झाडं ना तारा. घार, गरुड, गिधाड यांना एवढी चैन नाही. फांदीवर उतरायचं असतं, अरुंद खांबात वळायचं असतं. त्यांचे पंख आखूड, रुंद आणि टोकाला बोटं फाकलेली. व्हान्स टकर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात शिकवलेल्या हॅरिस हॉक या शिकारी पक्ष्याला हवेच्या बोगद्यात तरंगायला लावलं, आणि मग त्याच्या बोटांची टोकं कापून पुन्हा तरंगवलं. नखं कापावीत तसंच ते, दुखत नाही. बोटं कापल्यावर ओढ वाढली. वरखाली फाकलेली बोटं एका मोठ्या भोवऱ्याचं बळ वेगवेगळ्या उंचीवर वाटून टाकतात.

विमानाच्या पंखांची टोकं वर वळलेली असतात ती याच भोवऱ्यासाठी. टोकाला उभी फळी लावावी हे फ्रेडरिक लँचेस्टर याने १८९७ सालीच पेटंटात मांडलं होतं, विमान उडण्याच्या सहा वर्षं आधी. पण नुसत्या फळीने मिळायचं तेवढंच घर्षणात जायचं. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉमने १९७०च्या दशकात त्या फळीलाच नीट पंखाचा आकार दिला. १९७९-८०मध्ये मोठ्या जेट विमानावर ती उडवून पाहिली तेव्हा सहा-सात टक्के इंधन वाचलं. यालाच आपण विंगलेट म्हणतो. पंख सरळ लांब का करत नाहीत याचं उत्तर पुष्कळदा विमानतळावर असतं: सर्वांत मोठ्या विमानांना ८० मीटरच्या चौकटीत मावावं लागतं, आणि ए-३८०चा पंखविस्तार ७९.७५ मीटर आहे. बोइंगच्या ७७७-एक्सने तर सरळ पंखांची टोकं मिटायची सोय केली. जमिनीवर आलं की ७१.८ मीटरचं विमान ६४.८ मीटरचं होतं. दातपडकीही समोरच्या पाण्याच्या टाकीवर उतरली की तेच करते, फक्त ती आख्खा पंख मिटते आणि नंतर चोचीने पिसं विंचरत बसते.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी वादळी वारा सुटला. दोरीवरचे कपडे आडवे झाले, बाकीच्या घारी कुठे गेल्या कुणास ठाऊक, पण दातपडकी समोर होती. वाऱ्याकडे तोंड करून, जवळजवळ एका जागी. झटका आला की दोन्ही पंख खांद्यातून वर उचलले जायचे, पुन्हा खाली बसायचे. धड थोडंसं हलायचं. डोकं मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखं. घारीचं चित्त पिल्लांपाशी असतं हे लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी ते कुठे होतं माहीत नाही, पण नजर खाली कुठेतरी एका ठिपक्यावर होती आणि अंगाखाली चाललेल्या धुमश्चक्रीशी त्या नजरेचा काही संबंध नव्हता.

यावर ब्रिटनमध्ये झालेला एक सुरेख प्रयोग आहे. गव्हाणी घुबडाला पंख्यांनी उभ्या केलेल्या जोरदार झोतावरून तरंगत जायला लावलं आणि २०२०मध्ये निष्कर्ष मांडले. झटका बसला की पंख खांद्यापाशी बिजागरीसारखा वर जातो, आणि पहिला धक्का स्नायू किंवा मेंदू जागे व्हायच्या आत त्यातच जिरतो. क्रिकेटच्या बॅटवर एक जागा असते, तिथे चेंडू बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. पंखावर झटक्याचा भार बरोबर तशा जागी पडतो, म्हणून धडाला धक्का पोहोचत नाही. विमानात मात्र पंख धडाला घट्ट जोडलेला असतो आणि तो धक्का खुर्चीतल्या माणसाच्या पोटात जातो. बिजागरीच्या टोकांचे पंख छोट्या प्रतिकृतींवर उडवून पाहिले जाताहेत. घुबडाचा प्रयोग करणाऱ्या मंडळींनीच घुबडं आणि गॉसहॉक हा शिकारी पक्षी साबणाच्या हजारो बारीक फुग्यांच्या ढगातून सोडले होते. फुग्यांत हीलियम, म्हणजे ते ना वर जातात ना खाली. पक्षी जातो आणि मागे फुगे गिरक्या घेत हवेचं चित्र काढतात. त्यात पंखांच्या टोकांमागे भोवरे दिसलेच, शिवाय शेपटीमागेही दिसले. म्हणजे शेपटी नुसतं सुकाणू नाही, तीही वजन उचलते. प्लिनीला हे कळवायला हवं होतं.

२०१९ साली एअरबसने 'बर्ड ऑफ प्रे' नावाचं एक संकल्पचित्र जाहीर केलं. ऐंशी प्रवाशांचं विमान, पंखांना पिसं, गरुडासारखी फाकलेली शेपटी, शेपटीवर उभी फळी नाही. ते कधीच बनायचं नव्हतं, तरुणांना विमानशास्त्राकडे ओढण्यासाठी होतं. दिसतं देखणं. पण मला जास्त खरं वाटतं ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात २०२०मध्ये बनलेलं छोटं ड्रोन. कृत्रिम पिसं एकमेकांवर सरकवत ते गॉसहॉकसारखे पंख आणि शेपटी दोन्ही पसरतं आणि आवळतं. झाडांमधून वळायचं तेव्हा पसरायचं, लांब पल्ला गाठायचा तेव्हा आवळायचं. विल्बरचा पुठ्ठ्याचा खोका मध्यंतरी पंखाच्या मागच्या कडेला बसवलेल्या बिजागऱ्यांच्या पट्ट्यांनी अडगळीत टाकला होता, तो असा हळूहळू परत येतोय.

सहावा आठवडा संपला. प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय माझा वाटेना, इतका वाळका आणि फिकट. काठी टेकत, पहिल्यांदाच दोन पायांवर, मी गॅलरीच्या कठड्याशी गेले. दहा वाजून गेले होते. पाच घारी वर चढत होत्या.

मी डाव्या पंखांची बोटं मोजू लागले. पहिलीची पुरी. दुसरीची पुरी. तिसरी जरा लांब होती, थांबले, ती फिरून आली, तिचीही पुरी. मुलीने फोन काढला, व्हिडिओ मोठा करून पाहिला. एकीचं तिसरं बोट बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड आणि गडद वाटलं, पण तेवढ्यात ती वळली आणि पाचांत मिसळली.

"हीच का गं?"

"माहीत नाही, आई. आता सगळ्या सारख्याच."